आयुक्त बदलतात, महापालिका कोणाच्या हाती राहते?

२०२० च्या मार्चमध्ये विजय सिंघल ठाणे महापालिकेचे आयुक्त झाले आणि त्याच महिन्यात करोनाची टाळेबंदी लागली. शहरात खाटा कमी, रुग्णवाहिका कमी, वागळे इस्टेट आणि मुंब्र्यासारख्या दाट वस्त्यांत रुग्ण वाढत होते. नव्या आयुक्ताला रस्त्यांची नावे पाठ व्हायच्या आत स्मशानभूमींची क्षमता पाठ करावी लागली. जूनच्या अखेरीस साथ ऐन भरात असताना त्यांची बदली झाली आणि डॉ. विपिन शर्मा आले. त्याच सुमारास नवी मुंबईचे आयुक्तही बदलले गेले. इकडे कल्याण-डोंबिवलीत डॉ. विजय सूर्यवंशी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आले होते. ते मात्र जुलै २०२२ पर्यंत राहिले. साथ तीच, जिल्हा तोच, सरकारही तेच. एका शहराला तीन महिन्यांचा आयुक्त मिळाला, शेजारच्या शहराला जवळपास अडीच वर्षांचा.

आपण याची फारशी नोंद घेत नाही. पेपरात 'आयएएस अधिकाऱ्यांच्या बदल्या' अशी चौकट येते, नावे वाचली जातात, पान उलटले जाते. पण ही नावे एकाखाली एक लिहून काढली की चित्र वेगळे दिसते. कल्याण-डोंबिवलीचेच पाहा. जुलै २०१५ मध्ये ई. रवींद्रन आले. २०१७ मध्ये पी. वेलरासू, २०१८ मध्ये गोविंद बोडके, २०२० मध्ये सूर्यवंशी, २०२२ मध्ये डॉ. भाऊसाहेब दांगडे, २०२३ मध्ये डॉ. इंदूराणी जाखड. एप्रिल २०२५ मध्ये जाखड पालघरच्या जिल्हाधिकारी झाल्या आणि हिंगोलीहून अभिनव गोयल आले. रवींद्रन यांच्यापासून जाखड यांच्यापर्यंत दहा वर्षांच्या आत सहा आयुक्त झाले. सरासरी दीड वर्षाच्या थोडी पुढे जाते.

दीड वर्षात काय होते? पहिले दोन-तीन महिने शहर समजून घेण्यात जातात. मग एक अर्थसंकल्प हाताखालून जातो, आणि तोही बहुतेक आधीच्या आयुक्ताने आखलेला असतो. पावसाळा येतो, खड्डे येतात, नालेसफाईवरून आरडाओरडा होतो. दुसरा अर्थसंकल्प खऱ्या अर्थाने स्वतःचा म्हणावा, तर तो मंजूर होऊन कामांच्या निविदा निघेपर्यंत बदलीची कुजबुज सुरू झालेली असते.

राज्याबाहेरून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, शहराशी काडीचा संबंध नसलेला अधिकारी शहराच्या माथ्यावर बसवायचा, ही पद्धत आली कुठून? ती मुंबईची देणगी आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झाले. त्यांनी गटारे, रस्ते आणि आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा बाजार अशी कामे धडाक्यात काढली, पण पैसाही तसाच धडाक्यात खर्च केला. करदाते भडकले आणि १८७१ मध्ये क्रॉफर्ड गेले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी मांडलेली भूमिका आजही आपल्या डोक्यावर छत्रासारखी आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडलेली सभा असावी, असे त्यांचे म्हणणे होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचा सांगाडा याच विचारावर उभा राहिला आणि १९४९ च्या कायद्याने तो राज्यातल्या इतर शहरांना लागू झाला. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला आणि कल्याण महापालिका बरोबर एका वर्षाने स्थापन झाली. दोन्ही याच साच्यातल्या. महापौराला मान आणि आयुक्ताला अधिकार. मुंबई आणि नागपूरला १९९८ च्या सुमारास मेयर-इन-कौन्सिलचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही.

मेहतांच्या रचनेत एक गोष्ट गृहीत होती. आयुक्त बाहेरचा असला तरी तो पुरेसा काळ राहील आणि लक्ष ठेवणारी सभा जागी असेल. यातला एक पाय लंगडा झाला तरी रचना कशीबशी उभी राहते. आपल्याकडे दोन्ही लंगडे झाले.

जगात बाहेरचा माणूस सत्तेच्या माथ्यावर आला की माणसे भराभर बदलतात, हे दिसलेले आहे. डोनाल्ड ट्रम्प २०१७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी त्याआधी कोणतेही सरकारी वा लष्करी पद भूषवलेले नव्हते. पहिल्या चार वर्षांत त्यांचे चार चीफ ऑफ स्टाफ आणि चार राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. पहिले सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन महिनाभरही टिकले नाहीत. अशा वेळी कारणे तीच असतात. बाहेरच्याकडे वर्षानुवर्षे सोबत वाढलेली, कामात मुरलेली माणसे नसतात. जुन्यांवर त्याचा विश्वास नसतो. नव्यांना काम येत नाही. मग निष्ठा पारखली जाते आणि रोज कोणीतरी जातो. तिथे बाहेरचा राहतो आणि त्याच्या भोवतीचे जातात. ठाणे-कल्याणमध्ये नेमके उलटे आहे. इथे बाहेरचाच जातो आणि भोवतीचे राहतात. माझ्या मते आपल्या शहरांचे बरेचसे दुखणे या एका फरकात आहे.

राहणारे कोण असतात, हे पाहिले पाहिजे. नगररचना विभागातला अभियंता पंधरा-वीस वर्षे त्याच इमारतीत असतो. त्याला कोणत्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे, कोणत्या आरक्षणावर चाळ उभी आहे आणि ती कोणी उभी केली, हे तोंडपाठ असते. करवसुलीतला लिपिक, पाणीपुरवठ्यातला कनिष्ठ अभियंता, बाजार विभागातला निरीक्षक, सगळे तसेच. ठेकेदार तर अधिकाऱ्यांपेक्षाही जुने असतात आणि विकासक त्यांच्याहून जुने. काही प्रभागांत एकाच घरातून नगरसेवक पिढ्यानपिढ्या निवडून येतात. यात बरीच प्रामाणिक, कष्टाळू माणसे आहेत. २०१९ च्या पुरात आणि पुढे साथीत कोणी काम केले, हे कल्याणच्या लोकांनी पाहिले आहे. प्रश्न त्यांच्या चारित्र्याचा नाही. शहराची खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि खुर्चीवरच्याकडे नसते. माहिती ज्याच्याकडे, निर्णय शेवटी त्याच्याकडे झुकतो.

हे होते कसे, ते फाइलच्या प्रवासात दिसते. एखादा अडचणीचा विषय, समजा एका बिल्डरला दिलेली कारणे दाखवा नोटीस, आयुक्तांच्या टेबलावर येतो. नवे आयुक्त शेरा मारतात, 'पडताळणी करून फेरसादर करावे'. फाइल खाली जाते. पडताळणीला वेळ लागतो. स्थळपाहणीचा अहवाल हवा असतो, विधी विभागाचा अभिप्राय हवा असतो. फाइल परत वर येते तेव्हा खुर्चीत दुसरे कोणी असते आणि ते अगदी रास्तपणे तोच शेरा मारतात. कोणी काही चुकीचे केलेले नसते. फक्त वर्ष गेलेले असते आणि त्या वर्षात इमारतीचे आणखी दोन मजले झालेले असतात.

पदभार देण्या-घेण्याच्या कागदात कोणी कधी पदभार दिला आणि कोणी घेतला, एवढेच असते. कोणता ठेकेदार दरवर्षी एकच चूक करतो, कोणत्या न्यायालयीन प्रकरणात पुढच्या तारखेला काय सांगायचे आहे, कोणत्या गावच्या पाइपलाइनचे पैसे कोणाकडे अडले आहेत, यातले काहीही त्या कागदावर नसते. जुने आयुक्त जे शिकले ते सगळे त्यांच्या डोक्यात राहते आणि त्यांच्याबरोबर पुढच्या जिल्ह्यात जाते.

म्हणूनच नव्या आयुक्तांची सुरुवात जवळपास ठरलेली असते. स्टेशन परिसरातले फेरीवाले हटवायचे. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तेव्हापासून डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या शिवाजी चौकात आणि ठाणे स्टेशनबाहेर ही मोहीम पुन्हा पुन्हा झाली आहे. ती उत्साहात होते. आठवडाभर नेहरू रोडवरून सरळ चालता येते. मग पथक दुसरीकडे जाते आणि टोपल्या परततात. फेरीवाला क्षेत्रे आखायची, नोंदणी करायची, पर्यायी जागा द्यायची, हे काम लांबचे आणि किचकट असते. ते ज्याच्या काळात सुरू होते, त्याच्या काळात संपत नाही. मोहीम मात्र एका सकाळी होते आणि तिचा फोटो त्याच दिवशी निघतो. दीड वर्षासाठी आलेल्या माणसाने फोटो निवडला तर त्याला दोष देणे मला अवघड जाते.

काही वेळा बाहेरचा माणूसच मोठा उपयोगी ठरतो, हेही मान्य करायला हवे. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीने एका पिढीला दुर्गंधी आणि आगीचा धूर दिला. कचऱ्याच्या प्रश्नावरूनच उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या. पुढे सूर्यवंशी यांच्या काळात रामदास कोकरे उपायुक्त म्हणून आले. वेंगुर्ला आणि कर्जतमध्ये मुख्याधिकारी असताना त्यांनी कचऱ्याचे वर्गीकरण घराघरातून करून दाखवले होते. कल्याण-डोंबिवलीत २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू झाली. ओला कचरा एका दिवशी, सुका दुसऱ्या, असा शिरस्ता पाडला गेला आणि २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणे बंद झाले. बाहेरून आलेल्या माणसाकडे इथल्या कोणाशी जुनी देणी-घेणी नव्हती, हीच त्याची ताकद होती. पण आयुक्त आपल्या विश्वासातली माणसे प्रतिनियुक्तीवर आणतात आणि आयुक्त गेले की काही दिवसांत तीही जातात. कोकरे यांचीही पुढे बदली झाली. त्यांनी लावलेली सवय टिकवण्याचे काम मागे राहिलेल्यांच्या माथी आले. घंटागाडीवाल्याने ओला आणि सुका कचरा पुन्हा एकत्र टाकायला सुरुवात केली की ते प्रथम सोसायटीतल्या गृहिणीच्या लक्षात येते, आयुक्तांच्या नाही.

कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांचा प्रश्न तर या सगळ्याचा नमुनाच आहे. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मार्च २०२० मध्ये त्यातली १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हे निर्णय मंत्रालयातले, पण दरवेळी पाणी कोणी द्यायचे, रस्ते कोणी करायचे, मालमत्ता कर कोणत्या दराने लावायचा, हे महापालिकेला नव्याने ठरवावे लागले. आयुक्त बदलले तसे हिशेबही बदलले. गावकऱ्यांनी एकाच अडचणीचे निवेदन किती वेगवेगळ्या आयुक्तांना दिले असेल, हे त्यांच्या संघर्ष समितीच्या फायली उघडल्या तरच कळेल. त्या फायलींना महापालिकेपेक्षा चांगली आठवण आहे, असे मला वाटते.

आणि बेकायदा इमारती. कल्याण-डोंबिवलीतल्या अनधिकृत बांधकामांची चौकशी करणाऱ्या न्या. अग्यार समितीने सुमारे ६८ हजार बांधकामे मोजली होती. पुढे महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उजेडात आले आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तीन महिन्यांची मुदत होती. त्या इमारतींत कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे राहत होती. ज्यांनी परवानगीचा शिक्का खरा मानला, त्यांच्यावर घर रिकामे करण्याची वेळ आली. प्रकरण उजेडात आल्यापासून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत आयुक्तांच्या खुर्चीवर वेगवेगळे जण बसले. बनावट शिक्का ओळखायला खऱ्या शिक्क्याचा इतिहास माहीत असावा लागतो. तो इतिहास सांगणारी नोंद, परवानगीची सर्वांना पाहता येईल अशी यादी वेळेत असती तर आयुक्त नवे की जुने, याने फरक पडला नसता.

बदल्या का होतात, याचे एक उत्तर नवी मुंबईत मिळते, आणि नवी मुंबई ठाणे जिल्ह्यातच आहे. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये तिथे आयुक्त झाले. ऑक्टोबरात महासभेने त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणला आणि १११ पैकी १०४ नगरसेवकांनी तो मंजूर केला. महापालिका कायद्यात आयुक्ताला परत पाठवण्यासाठी एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांची अट आहे. १११ च्या सभागृहात ७० पुरतात, १२२ च्या कल्याण-डोंबिवलीत ७७ लागतील. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंढे यांना लगेच हलवले नाही, तरी मार्च २०१७ मध्ये ते पुण्याच्या पीएमपीएमएल या बससेवेकडे गेले. तिथून फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिकला, त्याच नोव्हेंबरात नाशिकहून बाहेर. जानेवारी २०२० मध्ये नागपूर, ऑगस्टमध्ये पुन्हा बदली. मुंढे यांच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. पण दर खेपेला नव्या शहरात वर्षही न काढणाऱ्या माणसाला आपली पद्धत सुधारण्याचीही संधी मिळत नाही, हे त्यांच्या टीकाकारांनी लक्षात घ्यावे.

दुसरीकडे ठाण्यात १९९७ मध्ये आलेले टी. चंद्रशेखर आहेत. त्यांनी रस्ते रुंद केले. त्यासाठी दुकाने, ओटे, इमारतींचे पुढचे भाग पाडले, शिव्या खाल्ल्या, आणि सुमारे तीन वर्षे राहिले. आज ठाण्यातली पन्नाशीची माणसे त्यांचे नाव आदराने घेतात. संजीव जयस्वाल २०१५ ते २०२० पाच वर्षे होते. पोखरण रस्त्यासारखी मोठी कामे त्यांच्या काळात झाली आणि महासभेशी त्यांचे खटकेही तेवढेच उडाले. म्हणजे दीर्घ मुदत म्हणजे चांगला कारभार असे समीकरण मांडता येत नाही. पण वेळ मिळाला तर आयुक्ताच्या कामाचे श्रेय आणि अपश्रेय दोन्ही त्याच्याच पदरी टाकता येते. दीड वर्षात ते कोणाच्याच पदरी पडत नाही.

लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० पासूनच्या आयएएस अधिकाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले की एखाद्या वर्षात अधिकाऱ्याची बदली होण्याची शक्यता जवळपास निम्मी असते आणि नवा मुख्यमंत्री आला की ती वाढते. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला अस्वस्थ करते. चांगले पद मिळवण्याचे दोन मार्ग अधिकाऱ्यांपुढे असतात, एक कौशल्य कमावण्याचा आणि दुसरा सत्तेच्या जवळ राहण्याचा. दुसरा मार्ग चालू लागला की पहिल्यावर श्रम करण्याची गरज कमी होते. तरुण अधिकारी हे लवकर शिकतो, कारण त्याला दाखवायला वरिष्ठ असतात.

या सगळ्यावर कडी झाली ती निवडणुका रखडल्याने. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. नव्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. महासभा तेच, स्थायी समिती तेच, प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. फिरोजशहांनी ज्या सभेकडे लक्ष ठेवण्याचे काम दिले होते, ती सभाच नव्हती. प्रशासकाला जाब विचारणारे फक्त वरचे, म्हणजे नगरविकास खाते आणि मुख्यमंत्री. त्या काळात नगरविकास खाते ठाण्याच्याच एकनाथ शिंदे यांच्याकडे बहुतेक सलग होते आणि मधली अडीच वर्षे ते मुख्यमंत्रीही होते. पाच वर्षे कल्याण-डोंबिवलीत नगरसेवक नव्हते आणि प्रशासक बदलत राहिले. एकामागून एक आलेल्या चौघांनी त्या खुर्चीवर बसून महासभेच्या वतीने ठराव केले. त्या ठरावांवर प्रश्न विचारायला ना कोणी नगरसेवक होता, ना निर्णय घेतलेला माणूस पुढच्या वर्षी उत्तर द्यायला तिथे होता.

कायदा नाही, असे मात्र नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून आलेला राज्याचा बदल्यांचा कायदा २००५ चा, लागू झाला १ जुलै २००६ पासून. त्यानुसार अधिकाऱ्याची साधारण मुदत तीन वर्षे असते आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये व्हाव्यात. मध्येच बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. आयएएस अधिकारीही या कायद्यात येतात. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान मुदत आणि नागरी सेवा मंडळाची गरज स्पष्ट केली. त्यानंतर केंद्राने आयएएसच्या संवर्ग नियमांत दोन वर्षांची किमान मुदत घातली. जूनमध्ये, ऑक्टोबरात, फेब्रुवारीत झालेली प्रत्येक बदली ही या नियमांतून घेतलेली सवलत आहे आणि सवलतीचे कारण कुठल्या तरी फाइलवर लिहिलेले असले पाहिजे.

ती फाइल मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागात असते. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या कोणाही नागरिकाला माहितीच्या अधिकारात तिची प्रत मागता येते. आता महासभा परत आली आहे, तेव्हा नगरसेवकांनाही पुढच्या आयुक्तांना निरोप देण्याआधी दोन गोष्टी मागता येतील. अपूर्ण कामांची आणि न्यायालयात अडकलेल्या प्रकरणांची लेखी टिपणी, आणि ती महासभेच्या पटलावर ठेवण्याचा ठराव. अशा टिपणीला कायद्यात मनाई नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही.